विरजण

पाहुणा किती दिवस राहिला म्हणजे तो पाहुणा उरत नाही, याचा खुलासा आम्हाला कुणी केलेला नाही. ‘अतिथिदेवो भव’ एवढं सांगून सगळे मोकळे झाले. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, हे ठीक. पण त्याच्या जाण्याला तिथी असावी की नसावी? हा प्रश्न खरं म्हणजे आम्हा नाशिककरांनी केव्हाच सोडवायला हवा होता, कारण पाहुण्यांचा आमच्याइतका सराव फार थोड्या गावांना असेल. सुरुवातच मुळी प्रभू रामचंद्रांपासून! पंचवटीतला त्यांचा मुक्काम काही सुखाने संपला नाही. पण त्यात गावकऱ्यांची काही चूक होती असं वाल्मीकीही म्हणत नाहीत. पुढे दर बारा वर्षांनी सिंहस्थ आणि एरवी वर्षभर यात्रेकरू. जुन्या तीर्थोपाध्यायांच्या घरी चोपड्या असतात. कुठल्या कुठल्या मुलखातला माणूस येतो, नाव-गाव सांगतो आणि गुरुजी चोपडी उघडून त्याला त्याच्या पणजोबांची सही दाखवतात. स्वतःच्या घरात ज्याला कालचा चष्मा सापडत नाही, त्याला आमच्या गावात पणजोबा सापडतात.

पण ही सगळी मंडळी परतीच्या तिकिटाची. रामकुंडात बुडी मारायची, काळारामाचं दर्शन घ्यायचं, चिवडा बांधून घ्यायचा आणि एस.टी. पकडायची. तेवढा वेळ घर आवरलेलं राहतं आणि यजमान हसरा राहतो. खरी कसोटी चार महिन्यांच्या पाहुण्याची. चार महिने हसतमुख राहणं मनुष्यप्राण्याला शक्य नाही.

तर असा चार महिन्यांचा पाहुणा आमच्या घरी आला. पाहुणा कसला, पाहुणी. वय वर्षे सतरा, मुक्काम पोस्ट फिनलंड.

आता फिनलंडची मुलगी पंचवटीतल्या तिसऱ्या मजल्यावर कशी आली, हे सांगायला हवं. रोटरीची ‘यूथ एक्स्चेंज’ म्हणून योजना आहे. पंधरा ते एकोणीस वयाची मुलं वर्षभर परदेशात जातात, तिथल्या शाळेत शिकतात आणि बहुधा एकाहून जास्त घरांत आळीपाळीने राहतात. आमची कन्या या योजनेतून ब्राझीलला गेली. तिची खोली रिकामी झाली. पलंग, टेबल आणि भिंतीवरचे तिचे फोटो असा सगळा संसार त्या खोलीत माणसाची वाट बघत होता. ही पोरगी ऑगस्टपासून गंगापूर रोडच्या एका कुटुंबात होती. डिसेंबरात तिची बदली आमच्याकडे झाली.

ही कल्पना तशी जुनी. दोन्ही महायुद्धांत रुग्णवाहिका चालवणारे स्वयंसेवक ज्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’मध्ये होते, त्या संस्थेने १९४७ साली शाळकरी मुलांची अशी देवाणघेवाण सुरू केली. आयुष्यभर जखमी माणसं उचलणाऱ्यांना असं वाटलं असावं की, पोरं एकमेकांच्या घरी जेवली तर पुढे मोठेपणी एकमेकांवर गोळ्या जरा कमी झाडतील. योगायोग असा, की त्याच साली आपणही दीडशे वर्षं मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यांना बोटीवर बसवून देण्याच्या गडबडीत होतो.

आणि आपल्याकडे तरी हे कुठं नवीन आहे? आमचे वडील वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. आठवड्याला सात यजमान कुटुंबं! सोमवारचं घर तूप वाढायचं, गुरुवारच्या घरी आमटीत डाळ शोधावी लागायची, असं ते सांगत. मात्र गुरुवारच्या काकू ‘अभ्यास झाला का रे?’ असं विचारायच्या आणि सोमवारच्या विचारत नसत. वडिलांना म्हातारपणी गुरुवारच्याच काकू आठवायच्या.

फिनलंड हे नाव आमच्या इमारतीत जरा अवघडच गेलं. तळमजल्यावरच्या आजींनी ‘म्हणजे फिनेल बनवतात तोच देश का?’ असं विचारून घेतलं. तिला घेऊन घरी येताना रिक्षावाल्याने चौकशी केली, ‘ताई कुठल्या?’ मी सांगितलं, ‘फिनलंडच्या.’ तो म्हणाला, ‘ते कॅनडा कॉर्नरच्या पुढं येतं ना?’ भूगोलाच्या दृष्टीने तो फारसा चुकलेला नव्हता. तिच्या नावाचा उच्चार करताना आईची कवळी निसटत असे, म्हणून आईने तिला पहिल्याच दिवशी ‘पोरी’ करून टाकलं.

पोरीबरोबर नियमही आले. वर्षभर वाहन चालवायचं नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत आणि प्रेमप्रकरण नाही. आईने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘यात नवीन काय? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे चारही होते. पाचवा पण होता. तोंड उघडायचं नाही.’

नियमांबरोबर एक प्रश्नावली होती. नव्या घरात गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी विद्यार्थ्याने यजमानांना हे प्रश्न विचारायचे असतात. पोरगी वही-पेन घेऊन आमच्यासमोर बसली आणि आमची तोंडी परीक्षा सुरू झाली.

‘मी तुम्हाला काय हाक मारू?’ इथेच अर्धा तास गेला. आधीच्या घरी ती आई-बाबा म्हणत होती. आमची ही थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मला आई म्हणणारी ब्राझीलला आहे. तू काकू म्हण.’ त्या हिशोबाने मी काका झालो. आई आपोआप आजी झाली.

‘मळके कपडे कुठे टाकू?’ ‘आंघोळीची वेळ कोणती?’ ‘सकाळी मला उठवाल की मी आपली आपण उठू?’ एकेक प्रश्न येत होता आणि आमच्या घरात कुठलीही गोष्ट कुठल्याही नियमाने होत नाही, हे आमचं आम्हाला कळत होतं. आंघोळीची वेळ म्हणजे बाथरूम रिकामं असेल ती. ‘भूक लागली तर फ्रीजमधलं काही घेतलं तर चालेल का?’ ‘अगं, विचारायचं काय त्यात? तुझंच घर आहे,’ असं ही म्हणाली. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. ‘घरात मी कोणतं काम करू?’ यावर मात्र आम्ही तिघंही एका सुरात ओरडलो, ‘काही नको, तू बस!’

मराठी माणसाच्या आदरातिथ्याचं सार या चार शब्दांत आहे. ‘काही नको, तू बस.’ आणि माणूस बसतो. दोन दिवस बसतो, चार दिवस बसतो. घरातले सगळे पळत असतात आणि हा मधोमध बसलेला असतो, आरास केलेल्या गणपतीसारखा. गणपतीला निदान दहाव्या दिवशी सुटका असते.

आई सगळं बघत होती. प्रश्नावली संपल्यावर ती म्हणाली, ‘नशीबवान आहेस गं पोरी. मला काही विचारायची सोयच नव्हती. उलट मलाच काय हाक मारायची ते यांनी आधी ठरवून ठेवलेलं. वाईहून निघाले तेव्हाचं नाव वाईलाच राहिलं.’

पोरगी यायला आणि सहा डिसेंबर यायला दोनच दिवसांचं अंतर होतं. सहा डिसेंबर १९१७ रोजी फिनलंड स्वतंत्र झाला. त्या संध्याकाळी तिकडे घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. पोरीनेही आमच्या खिडकीत दोन लावल्या. ‘लाइट गेली का?’ म्हणून वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. समोरच्या इमारतीतले गृहस्थ मात्र खिडकीत आले, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘जय भीम.’ त्यांच्याही खिडकीत मेणबत्ती होती. बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन तो. पोरीनेही हात जोडून ‘जय भीम’ म्हटलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांना फिनलंडची हकीकत सांगायला गेलो. ते म्हणाले, ‘मग काय बिघडलं? तेही सुटकेचंच की.’ १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या पंचवटीत झाला, तिथल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री पोरगी रडली. भिंत पातळ आहे आमची. ‘देशाची आठवण आली असेल,’ मी म्हणालो. ‘आईची,’ ही म्हणाली. आमची आई अंधारातच उठून बसली. ‘काही नाही. गंगापूर रोडची आठवण येतीये तिला. आईपासून लांब राहायची तयारी ती करूनच आली होती. तिथं चार महिन्यांत रुळली, भांड्यांच्या जागा कळल्या, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. पहिलं घर सुटतं तेव्हा लोक रडू देतात, गं. दुसरं सुटतं तेव्हा तेवढीही मुभा नसते.’ मग आईने मला दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडला पिटाळलं. त्या घरातून मी दोन गोष्टी आणल्या. एक तिचा नेहमीचा चहाचा कप आणि दुसरी, ती चहात साखर घेत नाही ही माहिती. तीन दिवस आम्ही तिला पाक पाजत होतो आणि ती ‘थँक्यू’ म्हणून पीत होती.

नाशिकच्या थंडीचा आम्हाला अभिमान. डिसेंबरात अख्खी इमारत कानटोप्या घालून एकमेकांना ओळखेनाशी होते. उणे वीस अंशांच्या देशातून आलेली ही पोरगी सकाळी गोदाकाठी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरायची आणि घरात आली की शाल पांघरून पाय पोटाशी घेऊन बसायची. आम्ही चक्रावलो. तिने सांगितलं, ‘आमच्याकडे थंडी बाहेर असते. तुमच्याकडे घरात असते.’ गोष्ट खरी होती. त्यांची घरं उबवलेली. आमची फरशी म्हणजे बर्फाची लादी. नाशिकच्या थंडीबद्दल इतकं अचूक विधान मी तोवर ऐकलं नव्हतं.

मराठी ती झपाट्याने शिकली. आठ विभक्त्यांनी शाळेत माझा घाम काढला होता. फिनिश भाषेत पंधरा विभक्त्या आहेत म्हणे! पंधरा थरांची हंडी फोडून आलेल्या मुलीला आमच्या आठ म्हणजे बसल्याजागी हात पोचण्यासारख्या. ती अडली ती लिंगांवर. त्यांच्याकडे ‘तो’ आणि ‘ती’ यांना मिळून एकच शब्द. जेवताना तिने हिला विचारलं, ‘भात तो, भाजी ती, वरण ते. असं का?’ ही म्हणाली, ‘खा मुकाट्याने.’ याहून चांगलं उत्तर मोरो केशव दामल्यांनाही सुचलं नसतं. अहो-जाहो त्यांच्या व्याकरणात आहे, वापरात फारसं नाही. त्यामुळे ती सरसकट सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. ‘काका, तू जेवला?’ हे मला गोड वाटे. कॉलेजच्या प्राचार्यांना किती गोड वाटलं, ते कळायला मार्ग नाही.

मात्र एका बाबतीत ती काही केल्या आमची होईना. तिचं ते ‘थँक्यू’! पोळी वाढली, थँक्यू. पाणी दिलं, थँक्यू. पंखा बंद केला, थँक्यू. आमच्या घरात या शब्दाचा वर्षाचा खप तिने आठवड्यात संपवला. हिला तो शब्द टोचायचा. ‘आपली कधी म्हणाली होती का थँक्यू?’ हिचा एक गुप्त हिशोब चालू होता. पोरीच्या ताटात इथे तिसरी पोळी पडली, की साडेआठ तास मागे असलेल्या ब्राझीलमध्ये आमच्या कन्येच्या ताटात घेवड्याची उसळ आणि भात जरा जास्त पडतो, अशी हिची श्रद्धा. अशा व्यवहारात पावती फाडायची नसते. शेवटी आईने पोरीला समजावलं, ‘हे बघ, आमच्याकडे आभार कार्यक्रमाच्या शेवटी मानतात. आभारप्रदर्शन झालं की लोक चपला शोधायला उठतात. तू दर पोळीला आभार मानतेस. आम्हाला वाटतं, निघालीस की काय!’ पोरगी हसली आणि म्हणाली, ‘थँक्यू, आजी.’

आणि मग फेब्रुवारीत एका रात्री तिने विरजण खाल्लं.

यात तिचा काही अपराध नव्हता. अभ्यास करताना भूक लागली, फ्रीज उघडला, ‘तुझंच घर आहे’ हे वाक्य वहीत लिहिलेलं होतं. कोपऱ्यात वाटीभर दही दिसलं, ते साखर घालून खाल्लं, वाटी धुऊन पालथी घातली. सकाळी ही फ्रीजसमोर उभी राहिली. त्या दिवशी आधीच बाई आली नव्हती, गॅस संपला होता आणि मी ‘मोजा कुठाय?’ असं दोनदा विचारून झालं होतं. पहिल्या संध्याकाळपासून जपून ठेवलेलं हसू त्या क्षणी संपलं. ‘अगं भवाने, विरजण खाल्लंस? विरजण कुणी खातं का? पातेलंभर दूध तापवून ठेवलंय, आता त्याला काय लावू? वीस वर्षांचं दही होतं माझं ते!’

घरात शांतता पसरली. मी मोज्याचा शोध थांबवला. पोरगी उभी होती. आता ‘सॉरी’ येणार आणि मागोमाग ‘थँक्यू’ येणार, असं मला वाटलं. तिने हिच्याकडे बघितलं आणि शुद्ध नाशिकच्या सुरात म्हणाली, ‘मग वाटीवर लिहून ठेव ना, काकू!’

पहिल्यांदा आई हसली. मग ही हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. ‘जा, समोरच्यांकडून विरजण घेऊन ये,’ हिने फर्मावलं, ‘आणि येताना कोथिंबीर आण.’ आमच्या घरात तिला सांगितलेलं हे पहिलं काम. पोरगी अशी धावली, की जिन्यात तिची एक चप्पल मागे राहिली.

संध्याकाळी दोघी ओट्यापाशी उभ्या होत्या. ‘बोट घालून बघ. कोमट हवं. कडकडीत नको, गारही नको. हे चमचाभर घाल, ढवळ आणि झाकून ठेव. आता सकाळपर्यंत हलवायचं नाही. लागलं का, लागलं का म्हणून बघत राहिलं तर लागत नाही.’ पोरीने विचारलं, ‘काकू, हे विरजण समोरच्यांचं. मग उद्याचं दही कुणाचं? त्यांचं का आपलं?’ ‘आपलं’ हा शब्द ती पहिल्यांदाच बोलली, हे तिच्या लक्षात आलं नसावं. आमच्या मात्र आलं. ‘दूध आपलं ना? मग दहीही आपलं.’

मराठीने या पदार्थावर अन्याय केला आहे. एखाद्याच्या उत्साहावर पाणी पडलं की आपण ‘विरजण पडलं’ म्हणतो. ज्याने कुणी हा वाक्प्रचार काढला, त्याला दह्यापेक्षा दुधात गोडी असावी.

त्याच आठवड्यात ब्राझीलहून फोन आला. कन्येचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा होता. ‘आई, इथल्या आई आज मला एवढ्या ओरडल्या! ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून.’ हिने फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘चला. तिकडेही एकदाचं लागलं.’

एका रात्री पोरीने आईला विचारलं, ‘आजी, इकडून पहिल्यांदा अशी कोण गेली?’ आईने श्री. ज. जोश्यांची ‘आनंदी गोपाळ’ तीनदा वाचलेली. ती सांगत गेली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. हाताशी आलेल्या मासिकात त्यांनी एका हिंदू मुलीच्या शिक्षणाच्या धडपडीबद्दल वाचलं आणि घरी येऊन पत्र घातलं. त्या पत्रव्यवहारातून आनंदीबाई जोशी १८८३ साली, अठराव्या वर्षी, बोटीने अमेरिकेला गेल्या आणि या कार्पेंटर मावशींच्या घरी उतरल्या. ना प्रश्नावली, ना नियम. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीसही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला, कार्पेंटरांच्या घरच्या माणसांसाठी राखलेल्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.

आई थांबली. देशभरातून लोक अस्थी घेऊन आमच्या रामकुंडावर येतात; त्यामुळे अस्थी कुठे जातात ते माणूस कुणाचं यावर ठरतं, हे नाशकातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पोरीने हळूच विचारलं, ‘मग त्या कुणाच्या झाल्या?’ ‘दोन्ही घरच्या,’ आई म्हणाली. ‘बाईमाणसाला ते जमतं. जमवावं लागतं.’

रंगपंचमीला आम्ही तिला जुन्या नाशकात रहाड बघायला नेलं. पेशव्यांच्या काळचे हे दगडी हौद वर्षभर जमिनीखाली बुजवलेले असतात, आणि त्या एका दिवशी उघडून रंगाने भरतात. लोक वरून धप्पकन उड्या मारतात. एका ओळखीच्या वाड्याच्या गॅलरीतून ती बघत होती. ‘असा हौद इथे आहे, हे मला एवढे महिने कसं कळलं नाही?’ ती म्हणाली. ‘आम्हीही तुझ्याबद्दल तेच म्हणतोय,’ ही म्हणाली.

मार्चअखेरीला तिची बदली इंदिरानगरच्या एका घरी झाली. बॅगा दारात आल्या. देशोदेशींच्या पोरांशी अदलाबदल करून मिळवलेल्या बिल्ल्यांनी मढलेला तो कोट तिने हातावर घेतला होता. आई पाठीवरून हात फिरवत होती. मी घसा खाकरून निरोपाच्या भाषणाची तयारी केली. पोरगी मात्र स्वयंपाकघरात शिरली. ‘काकू, वाटीभर विरजण दे. तिकडे कसलं असेल कुणास ठाऊक.’

हिने दिलं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या वाटीत. पोरगी जिना उतरून रिक्षात बसली. हात हलवला. पण चार महिन्यांत पहिल्यांदाच, काही घेऊन ती ‘थँक्यू’ म्हणाली नाही. ही गॅलरीतून ओरडली, ‘वाटी परत आणून दे गं!’

वाटी अजून आलेली नाही. ही चौकशीही करत नाही. भांडं अडकलेलं असलं की येणंजाणं राहतं, असं आई म्हणते.